मिसरीचा रकाना

त्या मंगळवारी सकाळी मी हातमोज्यांच्या जोड्या लावत बसलो होतो. एक डावा, एक उजवा, एका पिशवीत एक जोडी. आमच्या फाउंड्रीत विडी-सिगारेट ओढणाऱ्या त्रेसष्ट जणांना तीन आठवडे असलीच कामं दिली होती. त्यासाठी कँटीनमागची खोली रिकामी केली होती. बाकीचे कामगार तिला बालवाडी म्हणायचे.

समोर बंडा चौगुले होता. भट्टीवर वीस वर्षं काढलेला माणूस. त्याने माझी एक पिशवी उचलून सगळ्यांना दाखवली.

"सर्जेराव, दोन्ही डावंच भरल्यात की मर्दा. ही जोडी कुणाच्या हातात घालायची?"

"तुझ्या पिशवीत तीन हाईत, ती बघ आधी."

खोली हसली. तेवढ्यात भोंगा दोनदा वाजला. दोनदा म्हणजे ट्रॉलीची एक वाट बंद. महिन्यातून एकदा तरी असं व्हायचं. आम्ही हातातलं काम चालू ठेवलं.

पंधरा-वीस मिनिटांनी सुपरवायझर खोत साहेब दारात आले. हेल्मेट काढून हातात धरलं होतं. मी दिसलो तसे ते दुसरीकडे बघायला लागले. मग बंडाला म्हणाले, "ह्याला घेऊन ये जरा." कँटीनमधून जाताना त्यांनी मला पाण्याचा पेला दिला. तहान नाही म्हटलं, तर म्हणाले, "पी म्हणतोय न्हवं." मी प्यालो. पेला खाली ठेवल्यावर त्यांनी सांगितलं की शालन गेली.

शालन माझी बायको. ती त्याच फाउंड्रीत कोअर शॉपला होती. लोखंडाच्या भागात जिथं पोकळी हवी तिथं साच्यात वाळूचा गाभा ठेवतात. ते गाभे करायचं काम आमच्याकडे बायका करतात. गाभ्यांचा ट्रे घेऊन त्यांना दिवसातून पन्नास-साठ वेळा ट्रॉलीची वाट ओलांडावी लागते. दोन नंबरच्या ओलांडणीवर वितळलेल्या लोखंडाची ट्रॉली तिच्यावर आली. त्यापुढचं मी लिहीत नाही.

ह्या ट्रॉल्यांबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर काय झालं ते कळणार नाही.

तीन वर्षांपूर्वी बिनड्रायव्हरच्या ट्रॉल्या आल्या. भट्टीतून लोखंड घ्यायचं आणि साच्यांपर्यंत न्यायचं. समोर माणूस आला की थांबायचं, एवढंच त्यांना आधी शिकवलं होतं. पण फाउंड्रीत माणसं सारखी आडवी जातात. ट्रॉल्या पावलापावलाला थांबायला लागल्या आणि लोखंड वाटेतच गार व्हायला लागलं. मग नंबर आला.

दर महिन्याला प्रत्येकाची दहा मिनिटं चाचणी होते. अंधाऱ्या खोपटात बसायचं, समोर एक दिवा. तो कधी दोन सेकंदांनी लागतो, कधी नऊ सेकंदांनी. लागला की बटण दाबायचं. हात किती लवकर हलतो ते मोजून प्रत्येकाला एक नंबर मिळतो आणि तो हेल्मेटमधल्या चकतीत जातो. ट्रॉली समोरच्या हेल्मेटचा नंबर वाचते. नंबर चांगला असेल तर ती घंटा वाजवून आपल्या वेगात येते, कारण हा माणूस पिवळ्या पट्ट्यावर थांबणार हे तिला माहीत असतं. त्या वेगात ऐनवेळी थांबणं तिला जमत नाही. नंबर वाईट असेल तर पंधरा मीटरवरूनच मुंगीच्या पावलाने येते.

शालनचा नंबर कोअर शॉपमध्ये पहिला होता. चाचणीला जाण्याआधी सगळ्या बायका मोरीवर जाऊन मिसरी लावून यायच्या, जशी मी विडी ओढून जायचो. मिसरी म्हणजे तंबाखूच. तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि बोटाने हिरड्यांना लावायची. शालन दर रविवारी परड्यात एका जुन्या तव्यावर तंबाखू भाजायची. आमच्याकडे तिला कुणी व्यसन म्हणत नाही. दात घासायची वस्तू म्हणतात. शालन दिवसातून पाच वेळा दात घासायची.

ह्या वर्षी इंजेक्शन आलं. कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर तेरदाळे मॅडमनी कँटीनमध्ये सगळ्यांना एकत्र बसवून समजावून सांगितलं. तंबाखूच्या शेतातल्या मातीत एक जिवाणू असतो, तो निकोटीन खाऊन जगतो. त्याच्यातलं निकोटीन तोडणारं द्रव्य काढून, सुधारून, आता माणसाला टोचता येतं. ते महिनाभर रक्तात फिरत राहतं. तंबाखूतलं निकोटीन रक्तात उतरलं की मेंदूपर्यंत पोचायच्या आत संपतं.

"म्हंजे मॅडम, विडी ओढली तर?" बंडाने विचारलं.

"ओढा की. धूर जाईल, खोकला येईल. तरतरी येणार नाही."

"देवळात जाऊन बी देव न्हाई म्हणा की."

मॅडम हसल्या. मग त्यांनी धोका सांगितला. मेंदूत लक्ष जागेवर ठेवणारं एक रसायन असतं. ते जिथं जाऊन बसतं तिथंच निकोटीनही बसतं. वर्षानुवर्षं निकोटीन येत राहिलं की मेंदू तसल्या जागा वाढवत नेतो. "पंगतीत शंभर पानं मांडली आणि वाढपी एकच उरला, असं होतं. काही पानांवर भात पडतो, काही तशीच राहतात." लक्ष सगळं एकदम कमी होत नाही, असं त्या म्हणाल्या. ते मधेमधे तुटतं. वीस वेळा माणूस वेळेवर बटण दाबतो आणि एकविसाव्या वेळी दिवा दिसत असतो पण हात हलत नाही. त्या माणसाला ते कळतही नाही. पहिला आठवडा सगळ्यात वाईट. तीन आठवड्यांत मेंदू बऱ्यापैकी सावरतो.

म्हणून बालवाडी. ज्यांनी फॉर्मवर तंबाखूला 'हो' लिहिलं त्यांना तीन आठवडे बसून काम, रोज चाचणी, आणि हेल्मेटमध्ये सगळ्यात वाईट नंबर, म्हणजे ट्रॉली त्यांना दुरूनच जपेल. ज्यांनी 'नाही' लिहिलं त्यांनाही इंजेक्शन होतंच. मालकांना गेटवर 'शंभर टक्के तंबाखूमुक्त' असा फलक लावायचा होता, आणि न ओढणाऱ्याचं त्याने काही बिघडत नाही. असे लोक दुसऱ्या दिवशी आपापल्या कामावर, आपल्या जुन्या नंबरावर.

फॉर्म फोनवर आला होता. एका दुपारी जेवणं झाल्यावर मी आधी माझा भरला, मग शालनचा फोन घेतला. तिला लिहिता-वाचता येत होतं, पण असली कामं घरात मीच करायचो. तंबाखूच्या प्रश्नाखाली नावं दिली होती. सिगारेट, विडी, गुटखा, मावा, तपकीर.

"अवो, मिसरीचं काय लिवायचं?" ती भांडी आवरता आवरता म्हणाली.

"ह्यात मिसरी न्हाई."

"न्हाई, पर तंबाखूच की ती."

"तू दात घासतीस, मी ओढतो. 'हो'वाल्यांची यादी गेटवर लागणार हाय. माझ्या नावाखाली तुझं नाव लागलं तर बंडा वर्षभर सोडायचा न्हाई. जोडीनं बालवाडीत बसायचं व्हय?"

ती हसली. "बसू की. डबा तरी संगं खाता येईल."

मी 'नाही'वर बोट ठेवलं आणि फॉर्म पाठवून दिला.

बुधवारी आम्हाला दोघांनाही इंजेक्शन मिळालं. गुरुवारपासून माझं डोकं माझं राहिलं नाही. मी चहाला साखर घालायला डबा उघडायचो आणि उघडा डबा धरून उभा राहायचो. टीव्हीवर माणूस बोलायचा, त्याचे शब्द ऐकू यायचे, पण वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात गेलेली असायची. अंधाऱ्या खोपटात दिवा लागायचा, मी त्याच्याकडे बघायचो, आणि दिवा लागला म्हणजे काहीतरी करायचं असतं हे थोड्या वेळाने आठवायचं. ऑपरेटर म्हणायचा, "झोपलाय काय मामा?" मी झोपलेलो नव्हतो. मी बघतच होतो.

घरी शालनचंही काहीतरी बिनसलं होतं. शुक्रवारी आमटीत मीठ दोनदा पडलं. शनिवारी तिनं दाराला कुलूप घातलं, किल्ली आत राहिली. सारखी डबी काढायची.

"ह्या खेपंची तंबाखू फिकी हाय," ती म्हणाली. "कितीबी लावा, काय वाटंना झालंय. भेसळ करत असतील मुडदं."

"कमी भाजलीस आसंल."

तिनं परत भाजली. घरात धूर झाला. तरी तेच. रविवारी मी मोटरसायकलवरून निपाणीला गेलो आणि ओळखीच्या माणसाकडून तिच्यासाठी चांगली पानं घेऊन आलो. सोमवारी सकाळी तिनं ती लावली, थुंकली, आणि डबी बंद केली.

"ही बी तसलीच. मलाच काय झालंय कळंना. डोस्कं जाग्यावर न्हाई वो."

मी म्हणालो, "विडी माझी सुटली आणि डोस्कं तुझं फिरलं. ह्याला म्हणतात संसार."

तिला हसू आलं नाही. मंगळवारी ती गेली.

गुरुवारी रक्षाविसर्जन होतं. आमच्याकडे गेलेल्या माणसाला आवडायचं ते सगळं पानावर ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. माझ्या बहिणीनं भजी केली होती. माझी मुलगी ऋतुजा सांगलीला फार्मसी शिकते. तिनं आईच्या आवडीचा पेढा आणला होता. शालनबरोबर कोअर शॉपला असणारी रुक्साना मुल्लाणी आली होती. दोघी एकमेकींच्या जिवाभावाच्या. रुक्सानाने पदराखालून मिसरीची डबी काढून पानाच्या कडेला ठेवली.

"लई आवडायची तिला," ती म्हणाली. "शेवटचं तिला बी लागंना आणि आमाला बी लागंना. सगळ्यांचीच फिकी निगाली बघा भावोजी."

मी तिच्याकडे बघत राहिलो. कोअर शॉपमध्ये अठरा बायका होत्या. त्यांची तंबाखू एका दुकानची नव्हती.

घरी येऊन मी शालनची फळी बघितली. महिनाभर पुरणारी मिसरी सहा दिवसांत संपलेली. चार डब्या रिकाम्या आणि निपाणीची निम्मी.

शुक्रवारी मी दवाखान्यात जाऊन डॉक्टर मॅडमना सांगितलं. मग त्यांनी कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं. चौकशीवाल्यांनी ते आधीच बघून 'वैयक्तिक दुर्लक्ष' असं लिहून टाकलं होतं. शालन पिवळ्या पट्ट्यावर उभी होती. घंटा वाजली. तिनं मान वळवून ट्रॉलीकडे बघितलं. नीट बघितलं. आणि पाय पुढे टाकला.

"चौकशीवाले म्हणतात, बघूनसुद्धा गेली म्हणजे बेफिकिरी," मॅडम म्हणाल्या. "ही बेफिकिरी नाही. हे तेच आहे, जे तुम्हाला खोपटात होत होतं. आणि ट्रॉलीकडे तिचा मागच्या महिन्याचा नंबर होता. मिसरी लावून काढलेला."

"मिसरी तर ती लावतच हुती."

"लावत होती. पोचत नव्हती. तुमची विडी सुटली तशी तिची मिसरीही सुटली होती, फक्त तिला माहीत नव्हतं."

"बाकीच्या सतरा?"

"त्यांचे अजून अकरा दिवस धोक्याचे आहेत."

"रक्त तपासा की त्यांचं."

"तपासून काय दिसणार? आमची तपासणी निकोटीन आणि त्यापासून शरीरात जे बनतं ते शोधते. हे इंजेक्शन दोन्हीची वेळच येऊ देत नाही. आज तुमचं रक्त तपासलं तर तुम्हीसुद्धा जन्मात विडीला हात न लावलेले ठराल." त्यांनी चित्रण बंद केलं. "आता माणसानं स्वतः सांगितलं तरच कळणार. नुसत्या माझ्या सांगण्यावर ऑफिस कुणाला हलवणार नाही, की वेळेआधी चाचणी घेणार नाही. तुम्ही ऑफिसला लेखी द्या. आणि लवकर द्या. पुढच्या महिन्यात कंपनीच्या दुसऱ्या प्लँटला इंजेक्शनं सुरू होतायत. तिथं कोअर शॉपला दोनशे बायका आहेत."

शनिवारी मी ऑफिसला गेलो. ऋतुजा बरोबर आली. मी नको म्हणत होतो. ऑफिसातले देशमाने साहेब टाइप करत होते आणि ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती.

"त्या मिसरी लावायच्या?"

"व्हय."

"फॉर्म त्यांनीच भरला ना?"

ऋतुजाने माझ्याकडे बघितलं.

"तिच्या फोनवरनंच भरलेला," मी म्हणालो.

देशमाने साहेबांनी लिहिलं: सदर कर्मचारी मिसरीचा वापर करीत होत्या. फॉर्ममध्ये त्याची नोंद झालेली नव्हती. मी दोनदा वाचलं. त्यात खोटं काही नव्हतं. मी सही केली.

सोमवारी सकाळी नवा अहवाल गेटवर लागला. 'वैयक्तिक दुर्लक्ष' काढून त्या जागी 'कर्मचाऱ्याने माहिती दडवल्यामुळे' असं लिहिलं होतं. ऋतुजाने त्याचा फोटो काढून घरी आणला.

"आईनं दडवलं?" ती म्हणाली. "मला पेपरात कमी मार्क पडले तरी ती शेजारी जाऊन सांगून यायची. तिच्या पोटात काय ऱ्हायचं नाही. तिनं हे कशाला दडवलं असेल, पप्पा?"

तेव्हा सांगायचं होतं. ती उत्तरासाठी थांबलीही होती. मी म्हणालो, "लाज वाटली आसंल तिला."

ऋतुजाने मान हलवली आणि बॅग भरायला गेली. तिची परीक्षा होती.

त्याच दिवशी कंपनीने फॉर्ममध्ये मिसरीचा रकाना घातला आणि कोअर शॉपच्या सतरा जणींकडून परत भरून घेतला. सतराच्या सतरा जणींनी 'नाही' लिहिलं. संध्याकाळी मी रुक्सानाच्या घरी गेलो. ती अंगणात लसूण सोलत होती. तिनं मला खुर्ची दिली आणि सासूला आत जायला सांगितलं.

"रुक्साना, अजून आठ दिवस धोका हाय. 'हो' लिव. बालवाडीत बसशील, बाकी काय न्हाई."

"यादी गेटवर लागती."

"लागू दे की."

"शालनचं नाव लागलंय न्हवं गेटवर? काय म्हणून लागलंय? दडवलं म्हणून. आज आमी 'हो' लिवलं म्हंजे आमी बी आदी दडवलं असंच व्हणार. सतरा खोटारड्या बायका. माझ्या सासऱ्यानं वाचलं तर कामावर न्हाई सोडायचा मला."

तिनं हातातला लसूण खाली ठेवला.

"भावोजी, एक विचारू? शालन मला बोललेली. मोरीवरच बोललेली. म्हणाली, मी इचारलं ह्यास्नी मिसरीचं, तर ह्यांनी न्हाई टाकलं."

लसणाची सालं तिच्या मांडीवर होती. ती झटकून उठली.

"माझा बी फॉर्म माझ्या नवऱ्यानं भरलाय. सगळ्यांचंच तसं हाय. बायका खोटं बोलल्या न्हाईत, बाप्यांनी परस्पर लिवलं, एवढं एका बाप्यानं तरी ऑफिसात लिवून द्यावं. तुमी लिवा. तुमी लिवलं तर मी लिवते, मी लिवलं तर बाकीच्या लिवतील."

"लिवतो," मी म्हणालो.

मंगळवारी मी कामावर गेलो. तेरावं व्हायचं होतं, सुतकात कामावर गेला म्हणून भाऊबंद बोलले. मी ऑफिसच्या दारापर्यंत गेलो होतो. देशमाने साहेब आत होते. त्यांना लिहून दिलं की ते गेटवर लागणार, आणि गेटवर लागलेलं ऋतुजाला कळणार. लाज वाटली असेल तिला, हे मी ज्या तोंडानं बोललो होतो तेच तोंड घेऊन तिच्यासमोर उभं राहावं लागणार. मी वळलो आणि शॉपमध्ये गेलो.

बालवाडीत न जाता मी दोन नंबरच्या ओलांडणीवर पिवळ्या पट्ट्याला लागून उभा राहिलो. डोक्यावर हेल्मेट होतं, त्यात सगळ्यात वाईट नंबर. ट्रॉली भट्टीकडून निघाली. पंधरा मीटरवर तिला माझा नंबर दिसला आणि ती मुंगीच्या पावलाने यायला लागली. तेवढ्यात तीन बायका ट्रे घेऊन ओलांडून गेल्या.

मी दिवसभर तिथेच उभा राहिलो. दुपारी खोत साहेब आले.

"सर्जेराव, हितं काय काम हाय तुझं?"

"उबा हाय."

"लोखंड गार व्हाय लागलंय. चार साचं वाया गेलं सकाळपासनं."

ते ओलांडणीकडे थोडा वेळ बघत राहिले. जमीन तिथं नव्याने घासलेली होती. मग म्हणाले, "मी काय बघितलं न्हाई," आणि गेले.

दुसऱ्या दिवशी बंडा आला आणि एक नंबरच्या ओलांडणीवर उभा राहिला. म्हणाला, "बालवाडीत कंटाळा येतोय. हितं निदान बायका दिसत्यात." मग पूर्ण पाळी संपेपर्यंत हलला नाही.

माझं लक्ष तोवर बरंचसं परत आलं होतं. रोजच्या चाचणीत दिवा लागला की हात आपोआप उठायचा. नंबर वाईटच राहावा म्हणून मी तो धरून ठेवायचो, मनात दोन आकडे मोजायचो आणि मग बटण दाबायचो. ऑपरेटर म्हणायचा, "मामा, तुमचं काय सुधारणा नाही." बंडाही तेच करत होता.

शुक्रवारी सकाळी रुक्साना ट्रे घेऊन पट्ट्यावर आली. माझ्याशी ती बोलत नव्हती, कारण गेटवर अजून काही लागलं नव्हतं. घंटा वाजली. तिनं मान वळवून ट्रॉलीकडे बघितलं. मी तिचे डोळे बघितले, ते ट्रॉलीवरच होते. आणि तिनं पाय पुढे टाकला.

ट्रॉली सरपटत होती. ती तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. लोखंडाची धग माझ्यापर्यंत आली. रुक्सानाचा ट्रे पडला, गाभे फुटून वाळू झाली. मी तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"मी बघितलं हुतं वो," ती म्हणाली. "बघितलं हुतं मी."

"म्हाईत हाय."

ती भिंतीला टेकून खाली बसली. बाकीच्या बायका गोळा झाल्या. सगळ्यांना कळलं होतं. पाणी पिऊन झाल्यावर रुक्सानाने सगळ्यांदेखत मला विचारलं, "आज लिवणार काय भावोजी? आत्ता चला. मी येते संगं."

मी म्हणालो, उद्या.

शनिवारी मी ओलांडणीवर उभा राहिलो. रविवारी सुट्टी होती. सोमवारी आणि मंगळवारी परत उभा राहिलो. मंगळवारी एकवीस दिवस भरले. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आता धोका बराच उतरला, आणि महिन्याची चाचणी घेऊन सगळ्या बायकांचे नवे नंबर बसवले. आमच्या कोअर शॉपमध्ये शालननंतर कुणाला काही झालं नाही. बंडाने भट्टीवर गेल्यावर मला हात केला. बालवाडीला कुलूप लागलं.

दुसरा प्लँट इथून चाळीस किलोमीटरवर आहे. तिथं मला आत सोडत नाहीत. मॅडमनी तिथल्या डॉक्टरांना कळवलं आहे, पण ते म्हणतात, फॉर्ममध्ये मिसरीचा रकाना आहे, आता आम्ही आणखी काय करायचं. रकाना आहे. रुक्सानाची मावसबहीण तिथं कामाला आहे, तिच्याकडून कळलं की फॉर्म भरून झाले. दोनशे बायका आणि एकही 'हो' नाही. आमच्या गेटवरचा अहवाल त्यांच्याही गेटवर लावलेला आहे, माहिती दडवली तर काय होतं ते सगळ्यांनी वाचावं म्हणून. त्यात शालनचं पूर्ण नाव आहे.

इंजेक्शनं येत्या सोमवारी आहेत. ऋतुजाची परीक्षा संपली आहे, ती उद्या घरी येते. शालनच्या फॉर्मवर 'नाही' मी लिहिलं, हे मी अजून तिला सांगितलेलं नाही आणि ऑफिसला लिहून दिलेलं नाही.